पंक्तीला बसता यावे म्हणून

(श्रीनामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त राधानगरी येथे भरलेल्या समाजमेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि ते काही वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, सभेला स्त्रिया असतील, मुले असतील. विषय जरा बदलता आला तर पाहा." आम्ही म्हणालो, "स्त्रिया असतील म्हणूनच बदलत नाही. घरोघर हे निस्तरण्याचे काम त्याच करीत आल्या आहेत." विषयपत्रिकेवर त्यांनी 'आरोग्यविषयक दोन शब्द' असे छापले आहे. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच छापले असते. पण त्या दोन शब्दांच्या आड काय आहे हे आरंभीच सांगून टाकावे हे बरे. आम्ही आज मलविसर्जनाविषयी बोलणार आहोत, आणि तेही दुसऱ्याच्या नव्हे, आमच्या स्वतःच्या.

आमची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. २००९ सालच्या मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आला म्हणून आम्ही कौले चाळावयास घरावर चढलो. राधानगरीचा पाऊस कोणाची वाट पाहत नाही, हे येथील माणसास सांगावयास नको. वासा कुजलेला होता. आम्ही खाली आलो ते पाठीवरच. बारावा वक्षमणका मोडला, मज्जारज्जूस इजा झाली आणि कंबरेखालचे अंग गेले. समाजाने त्या वेळी पैसा उभा केला, कोल्हापूरला पाळीपाळीने माणसे पाठविली, त्याचे ऋण आमच्यावर आहे. येणारे प्रत्येक जण एकच विचारीत, "पाय हलतात का?" आम्ही म्हणत असू, "नाही." मग ते हळहळत. कोणीही दुसरे काही विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. वास्तविक पाय गेल्याचे दुःख आम्ही सहा महिन्यांत गिळले. जे गिळता येईना ते दुसरेच होते.

आपल्या गावाच्या धरणाचे उदाहरण घेतो, म्हणजे शास्त्र समजावयास सोपे जाईल. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीस आले की मनुष्याचा हात न लागता दरवाजा उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. कोणत्या नंबरचा दरवाजा उघडला ही बातमी पावसाळ्यात कोल्हापूरची मंडळी श्वास रोखून वाचतात. देवाने मनुष्याच्या शरीरातही असाच एक दरवाजा बसविला आहे. आतडे भरले की निरोप मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकास जातो, तेथून मेंदूकडे जातो, आणि मेंदू सांगतो, "थांब, आता पाहुणे बसले आहेत," किंवा "आता हरकत नाही." बाराव्या वक्षमणक्याच्या आणि पहिल्या कटिमणक्याच्या आसपासच मज्जारज्जूचे ते खालचे टोक येते. आमचे नेमके तेथेच तुटले. दरवाजाचा स्नायू ढिला पडला, निरोप जाईना, हुकूम येईना. चार चार दिवस काही होत नसे आणि पाचव्या दिवशी केव्हा काय होईल याचा नेम नसे.

तीन वर्षे आम्ही अशी काढली. २०१० साली शाळेत पुन्हा रुजू झालो. तिसऱ्याच आठवड्यात नववीच्या वर्गात, व्याकरणाचा तास चालू असता, आम्हांस कळण्यापूर्वी वर्गास कळले. पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उकडतंय, आम्ही मैदानावर वाचत बसतो." जुलै महिना होता, बाहेर पावसाची झड लागलेली. चाळीस मुले एक शब्द न बोलता व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. त्या मुलाचे नाव आम्ही येथे घेत नाही. तो आता संसारी गृहस्थ आहे आणि त्यास संकोच वाटेल. पण त्या दिवसानंतर आम्ही शाळेच्या दिवशी जेवणे सोडले. सकाळी चहा, संध्याकाळी घरी आल्यावर दोन घास. लग्नकार्यास गेलो तर 'आज उपवास आहे' म्हणावयाचे. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा हिशेब केला, तेव्हा आमचे उपवास वर्षातील एकादश्यांच्या तिपटीहून अधिक भरले.

ज्या रुग्णालयातून आम्ही घरी आलो तेथे शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, परंतु या गोष्टीविषयी कोणी शब्द काढला नव्हता. जुलाबाच्या गोळ्यांची एक चिठ्ठी तेवढी दिली होती. २०१२ साली एका पुनर्वसन केंद्रात गेलो असता तेथील परिचारिकाबाईंनी पहिल्याच भेटीत, जणू चहा किती वेळा घेता असे विचारावे तसे, विचारले, "शौचाचे काय करता?" तीन वर्षांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले माणूस. आम्हांस उत्तर देता आले नाही. डोळ्यांत पाणी आले हे सांगावयास आता लाज वाटत नाही.

त्या बाईंनी जे शिकविले त्यास आम्ही घरात 'पाणी घेणे' म्हणतो. त्याची रीत तपशिलाने सांगतो, कारण अर्धवट माहिती ही अज्ञानापेक्षा वाईट. एक दिवसाआड सकाळी आम्ही पोटभर न्याहरी करतो. पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, त्याचा लाभ घ्यावयाचा. अर्ध्या तासाने कमोडवर बसतो. पाण्याची पिशवी, तिला रबरी नळी, नळीवर पाणी कमीजास्त करण्याची चकती आणि टोकाला मऊ शंकू, असे सामान. पिशवी बसल्यानंतर खांद्याच्या उंचीस येईल अशी खुंटीला टांगावयाची. शंकूस जेल लावून तो गुदद्वाराशी अलगद धरावयाचा आणि सुमारे पाऊण लिटर कोमट पाणी दहा मिनिटांत, घाई न करता, आत सोडावयाचे. पोटात कळ आल्यासारखे झाले तर थांबावयाचे, दीर्घ श्वास घ्यावयाचा, मग पुन्हा. नंतर शंकू काढला की पाणी आणि मळ दोन्ही खाली येतात. अर्धा तास पोटावर उजवीकडून डावीकडे हलक्या हाताने चोळीत बसावयाचे. मोठ्या आतड्याचा खालचा भाग असा रिकामा झाला की तो पुन्हा भरून येण्यास साधारण दोन दिवस लागतात. ते दोन दिवस आमचे. पुस्तक वाचावे, शाळेत जावे, कोल्हापूरला जाऊन यावे, जेवावे.

एवढे वाचून कोणी उद्याच पिशवी आणावयास निघू नये. ही रीत डॉक्टरांनी तपासून, शिकविणाऱ्यासमोर पहिल्यांदा करून मगच घरी आणावयाची असते. आतड्यास सूज, अडथळा वा कर्करोग असेल, त्या भागाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर हे करता येत नाही. छातीच्या वरच्या भागात मणका मोडला असेल त्यांचा रक्तदाब यात एकाएकी चढू शकतो. आतड्यास छिद्र पडण्याचा धोका फार थोडा आहे, पण आहे. पोटात असह्य दुखले, ताप आला, रक्त थांबेना, तर पिशवी बाजूस ठेवून दवाखाना गाठावा. आणि दुसरे असे की पहिल्या दिवसापासून यश येत नाही. आमची घडी बसण्यास जवळ जवळ तीन महिने गेले. पहिल्या महिन्यात दोन वेळा असे झाले की आम्ही पिशवी भिंतीवर फेकली. सौभाग्यवतींनी ती उचलून धुतली आणि परत खुंटीस लावली, बोलल्या मात्र नाहीत.

पाण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पिण्यास योग्य तेच पाणी या कामास योग्य. आषाढात भोगावतीचे पाणी गढूळ येते, तेव्हा ते उकळून निववावे लागते. ते अंगाच्या उष्णतेइतकेच असावे, छत्तीस ते अडतीस अंश. आमच्यासारख्याच्या अंगास खाली चटका कळत नाही. न्हाणीघरातील गरम पाण्याने पाय भाजून फोड आला तो आम्हांस संध्याकाळी सौभाग्यवतींनी दाखविला, तेव्हा कळला. तेव्हापासून आम्ही तापमापक वापरतो आणि तरी मनगटावर पाणी घालून पाहतो. थंड पाणी घातले तर कळा येतात. एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्या घरात पहाटे सर्वांत आधी चूल पेटते, आणि वीज गेली तरी अडत नाही.

आता आपल्या धंद्याचा थोडा भाग. कमोडची बैठक कठीण, आणि आम्ही तीवर पाऊण तास बसणार. ज्या कातडीस दुखणे कळत नाही तिच्यावर एवढ्या वेळात व्रण धरू शकतो. आमच्या धाकट्या बंधूंनी दुकानात फोम कापून, वरून रेक्झिन घालून एक गादी शिवली. काम देखणे होते. पण शिवण आतल्या कडेस घेतली होती. त्या एका शिवणीने आम्हांस जो व्रण केला तो भरण्यास दोन महिने लागले, आणि ते दोन महिने आम्ही पालथे पडून काढले. बंधू फार कष्टी झाले. मग त्यांनी शिवण बाहेर, खालच्या अंगास घेऊन दुसरी गादी केली, कोपरे गोल केले, दोऱ्याची गाठ कोठेही वर ठेवली नाही. ती तेरा वर्षे चालू आहे. खोळ तेवढी चार वेळा बदलली. शिंप्याच्या घरी जन्म घेतल्याचा इतका रोकडा उपयोग आम्हांस दुसरा झाला नाही. बाजारात परदेशी सामान मिळते, त्यात फुगा असलेली नळी असते आणि ती आत आपली आपण टिकते. ज्यांच्या हातांत बळ नाही त्यांस तीच लागते. पण ती नळी एकदा वापरून टाकावयाची, आणि दर खेपेचा खर्च सामान्य संसारास झेपण्यासारखा नाही. आमचा शंकू धुऊन पुन्हा वापरता येतो. म्हणून आम्ही शंकूवाले.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे खूळ. तसे मुळीच नाही. आपल्या आयुर्वेदात बस्ती हा पंचकर्मांपैकी एक, आणि चरकसंहितेत त्यास काहींच्या मते निम्मी चिकित्सा म्हटले आहे. बस्ती म्हणजे मूत्राशय. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी करून तिला धातूची नळी लावीत, त्यावरून हे नाव. म्हणजे पिशवी आणि नळी ही आमचीच. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ च्या सुमारास नौली करणाऱ्याच्या आतड्यात दाब किती उतरतो हे यंत्राने मोजले, ते हठयोगातील बस्ती समजून घेण्यासाठीच. आणि महात्माजी? त्यांच्या दिनचर्येत एनिमा होता, आणि त्याविषयी ते स्नानाविषयी बोलावे तितक्या मोकळेपणाने बोलत, लिहीत. पुण्यास डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचारगृहात ते राहिले आणि १९४६ साली उरुळीकांचनला त्यांच्याच प्रेरणेने आश्रम निघाला. राष्ट्रपित्यास ज्याची लाज वाटली नाही त्याची आम्हांस वाटावी, हे काही शोभत नाही.

तथापि येथे एक भेद करावयास हवा. ज्याचे आतडे धड आहे त्याने 'शरीर शुद्ध करण्यासाठी' असे पाणी घेत राहण्याची गरज नाही. हल्ली कॉफीचे पाणी घालून विष उतरविण्याच्या जाहिराती येतात; त्यास शास्त्राचा आधार नाही आणि अपाय मात्र झालेले आहेत. आमचे पाणी हे शुद्धीसाठी नव्हे. लंगड्यास काठी, तसे ते आम्हांस.

या काठीस आधुनिक शास्त्राने जो आधार दिला तो फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मणका मोडलेला मनुष्य बहुधा काही महिन्यांत, फार तर थोड्या वर्षांत, मूत्ररोगाने वा व्रणाने जात असे. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांचा विभाग सुरू केला आणि माणसे जगू लागली. जगली, तेव्हा कसे जगावे हा प्रश्न आला. १९८७ साली कॅनडातील टोरांटोच्या दोघांनी पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी फुग्याची नळी वापरून यश आल्याचे लिहिले. २००६ साली युरोपातील पाच केंद्रांत मिळून ८७ रोग्यांवर दहा आठवडे तुलना झाली. ज्यांनी पाणी घेतले त्यांचा मलावरोध, नकळत होणे आणि त्यापायी जाणारा वेळ, तिन्ही कमी झाले. सर्वांस गुण येतो असे नाही. काही जण सोडून देतात, आणि त्यांस आम्ही दोष देत नाही.

आपल्या कोल्हापुरात चाकाच्या खुर्चीवर बसून किती मोठे काम करता येते हे नसीमा हुरजूक यांनी दाखविले. कोवळ्या वयात त्यांचे कमरेखालचे अंग गेले. १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, आणि त्यांचे आत्मकथन 'चाकाची खुर्ची' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. आमच्यासारख्यांस त्यांचा आधार केवढा, हे आम्हीच जाणतो.

आता ज्या कारणाने आम्ही आज येथे बोलण्यास उभे राहिलो, म्हणजे बसलो, त्याकडे येतो. गेल्या वर्षी याच मेळाव्यात एक भगिनी आम्हांस मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, पोराला घेऊन एकदा घरी येऊ का? इथं बोलता येत नाही." मुलगा आपल्याच समाजाचा, वीस-बावीस वर्षांचा, मोटरसायकलवरून पडलेला. महाविद्यालय सोडून दोन वर्षे घरात बसला होता. लोक म्हणत, पाय गेले म्हणून खचला. तो आमच्या घरी आला, तासभर काहीच बोलला नाही. मग आईस बाहेर पाठवून त्याने विचारले, "काका, मला एवढंच सांगा. बाहेर जेवता येतं का?"

आम्ही त्यास आमची खुंटी, पिशवी, गादी सर्व दाखविले. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्यास शिकविण्यास पाठविले. तो यंदा परीक्षेस बसला आहे. आज या मांडवात तो आहे की नाही हे आम्ही सांगणार नाही, तसे त्यास वचन दिले आहे.

परंतु त्याचा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. बंधुहो, ज्ञातीची पंगत म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. एखाद्यास शिक्षा करावयाची तर त्यास पंक्तीबाहेर बसवीत. ती चाल गेली हे फार चांगले झाले. मग या मुलास दोन वर्षे पंक्तीबाहेर कोणी बसविले? कोणीच नाही. त्याने स्वतः पान नाकारले, कारण जेवल्यानंतर जावयाचे कोठे, हे त्यास ठाऊक नव्हते.

म्हणून समाजापुढे आमची एक मागणी आहे. राजर्षींनी १९०१ पासून कोल्हापुरात ज्ञातीज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, पैसा दिला. १९०८ साली श्रीनामदेव बोर्डिंग निघाले, ते खेड्यातल्या शिंप्याच्या मुलास शहरात राहून शिकता यावे म्हणून. आता आपण जे नवे सभागृह बांधावयास काढले आहे त्याच्या नकाशात संडासांच्या चार खोल्या आहेत. चारही बैठ्या, दारे दोन फुटांची, आणि उंबरा सहा इंचांचा. आमची खुर्ची त्या दारातून जात नाही. एका खोलीचे दार तीन फुटांचे करावे, उंबरा काढावा, आत कमोड, दोन्ही बाजूंस धरण्यास दांडे, खुर्ची वळविण्याइतकी मोकळी जागा, नळास गरम पाणी आणि भिंतीत एक मजबूत खुंटी. खुंटी विसरू नये. आणि दारास आतून कडी नीट लागावी.

खजिनदार परवा म्हणाले, "गुरुजी, एक-दोन माणसांसाठी एवढा खर्च?" २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले आणि सार्वजनिक वास्तू सर्वांस वापरता याव्यात असे सांगितले. पण कायद्याचे राहू द्या. आम्ही खजिनदारांस विचारले की, आपल्या मातोश्री गेल्या दोन मेळाव्यांस का आल्या नाहीत? गुडघ्यांमुळे त्यांस खाली बसता येत नाही, हे ते आमच्याआधी जाणत होते. त्यांनी नकाशा पुन्हा उघडला आहे. अद्याप होकार दिलेला नाही.

आणि मातापित्यांस एक विनंती. मुलीकडचे पाहावयास येणार म्हणून मुलाची पिशवी कपाटात लपविणारी एक-दोन घरे आम्हांस ठाऊक आहेत. लपवून लग्न जमते, पण दुसऱ्या सकाळी पाणी घ्यावेच लागते. आमच्या कन्येचे लग्न ठरत असता आम्ही व्याह्यांस न्हाणीघरापर्यंत नेऊन सर्व दाखविले. ते जरा दचकले. मग म्हणाले, "आमच्या वडिलांना शेवटी हे मिळालं असतं तर बरं झालं असतं." पुढे तासभर ते वडिलांविषयीच बोलत होते, देण्याघेण्याचा विषय राहूनच गेला.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, रस्ते बंद झाले, तेव्हा आमच्याकडील जेल संपले. डॉक्टरांस दूरध्वनी लागला नाही. सौभाग्यवतींनी पूर्वी विचारून ठेवले होते की पाण्यात विरघळणारेच जेल हवे, तेल नको. म्हणून शेजारच्या औषधवाल्याने मागील दाराने येऊन एक नळी दिली आणि पैसे पूर उतरल्यावर घेतले. दोन दिवसांआड नव्हे, एक दिवसाआड, पुरातही, आमचा नेम चुकला नाही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. घरात एक पेटी जादा ठेवावी, एवढ्यासाठी सांगितले.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत, आणि स्वयंपाकघरातून वासही येऊ लागला आहे. आमचे पाणी आज सकाळी साडेसातलाच झाले. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी जेवणानंतर आमच्याजवळ यावे. कोपऱ्यात नेण्याची गरज नाही, पण न्यावयाचे असेल तर आमची खुर्ची ढकलावी लागेल. वाढप्यांस मात्र एक सांगणे आहे. आमच्या पानावर आमटी हात राखून वाढावी, तिखट आम्हांस सोसत नाही. जिलेबीस हा नियम लागू नाही.